तेम्योंगचा सेकंद

"लेचोन सांगितलंस ना?" नेसिंगनं विचारलं.

"सांगितलं," तेम्योंग म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. खोटं बोलताना त्याला नेहमी काहीतरी बांधायचं असे.

"कुणाला?"

"नोंग पिद्योंगला."

"अख्खं ना?"

"अर्धं डुक्कर कुणी सांगतं का गं?"

शनिवारची सकाळ होती. रविवारी पलीकडच्या बेटावरून ओमांदाक मंडळी त्यांच्या जेस्रीलसाठी तेम्योंग-नेसिंगच्या मुलीला, रोवेलिनला, मागणी घालायला येणार होती. आमच्याकडे मुलाकडचे लोक रीतीप्रमाणे काहीबाही खायला घेऊन येतात. पण मुलीकडच्या टेबलावर मधोमध लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, नसेल, तर त्याला मागणी म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात. नेसिंगच्या धाकट्या बहिणीच्या वेळी कोंबडीवर भागवलं होतं. त्याला एकवीस वर्षं झाली, बहिणीला तीन मुलं झाली, तरी नणंदा अजून तिला 'कोंबडीवाली' म्हणतात.

तेम्योंग पिद्योंगकडे गेला होता, इतकं खरं होतं. गुरुवारी गेला होता. लेचोन भाजावं तर पिद्योंगनंच, आणि पिद्योंग शनिवारी सातच डुकरं भाजतो. आठवं भाजायला त्याला जागा नाही आणि हौसही नाही.

"सहा गेली," पिद्योंग म्हणाला होता.

"आणि सातवं?"

"ते तुमच्या चकतीच्या स्पर्धेला दिलं. खिलाडूवृत्तीचं बक्षीस. दरवर्षी त्या प्लायवूडच्या पाट्या वाटतात, मला बघवत नाहीत."

हे ऐकून तेम्योंगला जे समाधान वाटलं, त्याला तोड नव्हती. त्या न बघवणाऱ्या पाट्यांपैकी आठ त्याच्याच घरी भिंतीवर होत्या. त्याच्या चमूचं नाव 'हिनाय-हिनाय', म्हणजे आपलं सावकाश. अकरा वर्षांत हा चमू आठांपैकी सातव्या नंबराच्या वर कधी चढला नव्हता, पण खिलाडूवृत्तीचं बक्षीस आठ वेळा घरी आणलं होतं. तेव्हा सातवं डुक्कर आपलंच, असं धरून तो घरी आला आणि झोपला. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. फक्त या तुरीला शेपूट होतं.

होणाऱ्या व्याह्यांना त्यानं अजून पाहिलं नव्हतं. एउतिकियो ओमांदाक हे भारदस्त नाव आणि बंदर कचेरीतली मोठी नोकरी, एवढंच ठाऊक होतं. "जेस्रीलचे पप्पाही खेळतात," असं रोवेलिन एकदा फोनवर म्हणाली होती. आमच्याकडे दहा ते सत्तर वयाचा प्रत्येक पुरुष बास्केटबॉल खेळतो, त्यामुळे काय खेळतात असं विचारायचं तेम्योंगला सुचलं नाही.

आता या फ्रिस्बीच्या चकतीच्या खेळाचं थोडं सांगायला हवं. यात पंच नसतो. ज्याच्या हातात चकती आली त्यानं एक पाय रोवून उभं राहायचं आणि साथीदाराकडे फेकायची; मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे झेल घेतला, की गोल. समोरचा प्रतिस्पर्धी तीन मीटरच्या आत उभा राहून मोठ्यानं मोजतो, "स्टॉलिंग, एक, दोन, तीन..." 'दहा'मधला 'द' निघायच्या आत चकती हातातून सुटली पाहिजे, नाहीतर ती गेली समोरच्यांकडे. दोन आकड्यांत निदान एक सेकंद हवा. कुणी घाईनं मोजलं, तर "फास्ट काउंट" म्हणून ओरडायचा हक्क आहे. मोजणारा तीन मीटरपलीकडे गेला, की पुन्हा एकपासून. खरं काय झालं ते खेळाडूंनीच सांगायचं आणि खेळाडूंनीच मानायचं. सामना संपला की दोन्ही चमू एकमेकांना सभ्यपणाचे विसापैकी गुण देतात.

आणि मोजण्यात तेम्योंगचा हात धरणारा कुणी नव्हता. तो बाजारात घड्याळं दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं कानाशी सेकंद वाजत असल्यामुळे त्याचा सेकंद म्हणजे सेकंदच. अकरा वर्षांत त्याच्यावर कुणी एकदाही "फास्ट काउंट" ओरडलं नव्हतं. तो मोजताना बाहेर बसलेले लोक आपली घड्याळं लावून घेत. भिंतीवरच्या पाट्यांपेक्षा त्याला याचा अभिमान जास्त होता.

त्या शनिवारी मात्र शाळेच्या मैदानावर सगळेच सज्जन झाले होते. मैदानाच्या टोकाला पिद्योंग बांबूवर डुक्कर फिरवत बसला होता आणि वारा मैदानाकडे होता. पोलीस चौकीचा चमू तर सकाळी चक्क "माफ करा" म्हणत होता. ते अकरापर्यंत टिकलं. दुपारपर्यंत बाकीचेही आपापल्या स्वभावावर गेले आणि गुणांच्या यादीत वर दोनच चमू राहिले, अगदी बरोबरीत. एक हिनाय-हिनाय, दुसरा पलीकडच्या बेटाचा. दोघेही सगळे सामने हरले होते, त्यामुळे सातव्या जागेसाठी त्यांनाच एकमेकांशी खेळायचं होतं. एरवी हा सामना दोन बकऱ्या आणि कुणाची तरी आई बघते. आज अर्धं गाव कुंपणाला टेकलं होतं.

बेटाच्या कप्तानाला सगळे तिकोय म्हणत. पन्नाशी ओलांडलेला, गोल, मिशीवाला माणूस.

"सुरुवात कोण करणार, नोंग?" तिकोयनं विचारलं. "तुम्हीच सांगा."

"छे, छे! तुम्ही पाहुणे. तुम्ही सांगा, नोंग."

"पाहुण्यानं यजमानाचं ऐकायचं असतं."

"मग ऐका. तुम्ही सांगा."

यात अकरा मिनिटं गेली. दोघांत वयानं मोठा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, पण समोरच्याला नोंग, म्हणजे दादा, म्हणण्यात कुणीच मागे हटत नव्हतं.

मग खेळ सुरू झाला, असं म्हणायचं. बेटाच्या एका पोरीनं गोलात सुरेख झेल घेतला आणि लगेच हात वर करून जाहीर केलं, की माझ्या पायाचा अंगठा रेषेवर होता. हिनाय-हिनायचा जुनेल धावत गेला, वाकून बघून म्हणाला, "नव्हता हो. गोल आहे तुमचा." "होता." "अहो ताई, नव्हता." शेवटी तिनं पायाचं बोट चुन्याच्या रेषेवर घासून पुरावा आणला. पुढच्या खेपेला हिनाय-हिनायचा गोल झाला, तेव्हा झेल घेणारा म्हणाला, की चकती आधी गवताला लागली. गवत तिथे नव्हतंच. चाळीस मिनिटांनी शून्य-शून्य होतं आणि घाम मात्र सगळ्यांना आला होता.

संध्याकाळी पावणेसहाला चकती तिकोयच्या हातात आली. समोर तेम्योंग जाऊन उभा राहिला.

"स्टॉलिंग. एक. दोन. तीन."

कुंपणापाशी दोघांनी घड्याळं लावून घेतली.

तिकोयचं एकही माणूस चकती घ्यायला धावत नव्हतं. हिनाय-हिनायची एक पोरगी घसरून पडली होती. दोघं तिला उठवत होते, तिसरा टोपीनं वारा घालत होता. तेम्योंगच्या लक्षात आलं, की सात सेकंदांत हा माणूस अडकणार. पाहुण्या कप्तानाला मी दहा मोजून अडकवणार, गावादेखत. मग विसाचे होणार एकोणीस, डुक्कर जाणार बोटीत बसून, आणि उद्या रोवेलिन होणार कोंबडीवाली नंबर दोन.

त्याच क्षणी त्याला नियम आठवला. दोन आकड्यांत निदान एक सेकंद. जास्तीत जास्त किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अकरा वर्षांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण त्याला कधी गरज पडली नव्हती.

"चार," तो म्हणाला, आणि जेवणानंतर पट्टा सैल करावा तसा त्यानं आपला सेकंद सैल सोडला.

कुंपणापाशी ज्यांनी नुकती घड्याळं लावली होती, ते मनगट कानाशी नेऊन ऐकू लागले.

"...पाच."

जुनेल धावत आला. तो नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि नुकताच पक्षाघाताचा धडा झाला होता. "नोंग, बरं वाटतंय ना? दोन्ही हात वर करून दाखवा."

तेम्योंगचे हात मोजणाऱ्याचे, आधीच पसरलेले होते.

"जरा हसून दाखवा."

तेम्योंग हसला. मनातून हसू येत नसल्यामुळे ते वाकडं आलं. जुनेलनं घाबरून त्याचं मनगट पकडलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"नाडी ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "सेकंद ठीक नाही."

"जा तू तिकडे. सहा."

आता तेम्योंगनं तिकोयकडे नीट पाहिलं, आणि त्याला दिसलं ते फार वाईट होतं. तिकोय चकती फेकायचा प्रयत्नच करत नव्हता. चकती छातीशी धरून, भांडं परत करायला आलेल्या शेजाऱ्यासारखा तो शांत उभा होता. त्याला अडकायचंच होतं. चकती तुमच्याकडे जाऊ दे, म्हणजे औदार्य आमचं आणि वीस गुणही आमचे, असा त्याचा बेत होता.

"आटपा, नोंग," तिकोय हळूच म्हणाला. "म्हणून टाका दहा."

"कसा म्हणू? अजून सात पण झाले नाहीत."

"कधीच झाले! माझ्या हिशेबानं पंधरा झालेत."

"तुमचा हिशेब तुमच्यापाशी, नोंग. मी घड्याळजी आहे."

"मग तर लाज बाळगा!"

हे तेम्योंगला लागलं. सव्वीस वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, आणि तो माणूस खरंच बोलत होता. पण नेसिंगचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यानं मान खाली घातली. "सात. ...आठ. ......नऊ."

तेम्योंगनं बुटाकडे पाहिलं.

"एक मिनिट हं, नाडी सुटली," तो म्हणाला आणि चार पावलं मागे जाऊन वाकला. नाडीला घट्ट गाठ होती. ती त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली. मग पुढे येऊन म्हणाला, "मी तीन मीटरपलीकडे गेलो होतो. नियमानं पुन्हा सुरुवातीपासून. स्टॉलिंग, एक."

"पलीकडे नव्हता गेलात!" तिकोय ओरडला. रोवलेला पाय न उचलता तो दुसरा पाय लांब टाकून असा ताणला गेला, की त्याच्या पोटानं जमीन जवळ केली. "आतच होता! माझ्या या पायापासून मोजा!"

"मोजाच!" तेम्योंगही हट्टाला पेटला.

मोजायला काही नव्हतं. पिद्योंग डुकरातून नुकताच काढलेला बांबू खांद्यावर टाकून आला. हा बरोबर तीन मीटर आहे, असं तो आईच्या शपथेवर म्हणाला. तेलकट बांबू गवतावर ठेवला. तेम्योंगच्या बुटाचा ठसा बांबूच्या टोकाखाली निम्मा आत होता, निम्मा बाहेर.

"बाहेर," तेम्योंग म्हणाला.

"आत," तिकोय म्हणाला.

तेवढ्यात चर्चची सहाची घंटा झाली.

घंटा झाली की आमचं गाव जिथे असेल तिथे थांबतं. रस्त्यावर रिक्षा थांबल्या, बाजारात वजनकाटे थांबले. मैदानावर तिकोय ताणलेल्या अवस्थेत थांबला, पिद्योंग बांबूवर वाकलेला थांबला. तिकोयच्या मांड्या थरथरत होत्या, पण त्यानं प्रार्थनेतला एक शब्द गाळला नाही. तेम्योंगनं मनातल्या मनात देवाला डुकराबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि मग लाजून नुसती प्रार्थनाच म्हटली.

"आमेन," सगळे म्हणाले.

"नऊ," तिकोय ताणूनच म्हणाला.

"एक," तेम्योंग म्हणाला.

जुनेलला नियम पाठ होते. "खेळ थांबून पुन्हा सुरू झाला, की जास्तीत जास्त नऊपासून," तो म्हणाला. "घंटेबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही." खरं बोलायचं, तर एकपासूनही चाललं असतं. पण जुनेलला भूक लागली होती.

तेम्योंगला मान तुकवावी लागली. त्यानं हात पसरले. श्वास घेतला. "स्टॉलिंग, नऊ," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही.

नऊ आणि दहाच्या मध्ये त्या दिवशी सूर्य मावळला. चकती दिसेनाशी झाली, मग तिकोय दिसेनासा झाला. स्पर्धा भरवणाऱ्या मिस बुलाहान यांनी शिट्टी मारून सामना संपवला. शून्य-शून्य. हिनाय-हिनायनं बेटाला विसापैकी वीस दिले. बेटानं हिनाय-हिनायला विसापैकी वीस दिले.

मिस बुलाहान यांनी तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला होता. "नाणं उडवूया," त्या म्हणाल्या. "छापा कुणाचा?"

"त्यांचा," तेम्योंग म्हणाला.

"छे, त्यांचा," तिकोय म्हणाला.

मिस बुलाहान यांनी पिद्योंगच्या हातातला कोयता घेतला, कंदिलाच्या उजेडात डुकराच्या कमरेवर थोडा तिरका धरला आणि हाणला. "पुढचं तुम्हाला. मागचं तुम्हाला. आता कुणाच्या तोंडून 'छे' निघालं, तर दोन्ही तुकडे पोलीस चौकीला."

कुणाच्या तोंडून 'छे' निघालं नाही.

घरी नेसिंग दारातच उभी होती. तिनं केळीचं पान उचलून पाहिलं. डोकं होतं, कान होते, पुढचे पाय होते, आणि मग एकदम काहीच नव्हतं.

"मागचं कुठाय?"

तेम्योंग खाली वाकला. पायांत सपाता होत्या. बांधण्यासारखं काहीच नव्हतं.

"येतंय," तो म्हणाला.

"कधी?"

"उद्या."

"डुक्कर दोन हप्त्यांत येतं?"

"मोठं आहे."

नेसिंगनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुझं घड्याळ मागे पडलंय म्हणे आज," ती म्हणाली. "सगळा बाजार सांगतोय." आणि ती कोळसा काढून ठेवायला आत गेली. सकाळी कातडी पुन्हा कुरकुरीत करायची, तर कोळसा हवा होता.

सकाळी खरं सांगून टाकायचं, असं तेम्योंगनं ठरवलं होतं. पण सकाळी पहिल्या बोटीनं रोवेलिन आली, मग नेसिंगच्या बहिणी आल्या, त्यांत ती कोंबडीवालीही होती, आणि खरं बोलायला घरात जागा उरली नाही. कापलेली बाजू भिंतीकडे करून अननस लावून झाकावी, असा त्याचा दुसरा बेत होता. तो नेसिंगनं उधळला. तिनं टेबलाच्या एका अर्ध्यात डुकराचा पुढचा भाग मांडला, खाली केळीची पानं पसरली, आणि दुसरा अर्धा टेबल मोकळा ठेवला. पानं पसरलेला, स्वच्छ, रिकामा.

"हे कशाला?" तेम्योंगनं विचारलं.

"मागचं येतंय म्हणालास ना?"

अकरा वाजता दाराशी रिक्षा थांबली. जेस्रील उतरला. त्याची आई उतरली. तिच्या मागून एक गोल गृहस्थ पाठमोरा उतरला, कारण त्याच्या हातांत केळीच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं आणि ते आधी बाहेर काढावं लागत होतं. पानांतून एक शेपूट बाहेर आलं होतं. मग गृहस्थ वळला.

तेम्योंगनं तिकोयकडे पाहिलं. तिकोयनं तेम्योंगकडे पाहिलं. गावात उरलेलं एकच डुक्कर गाठायला गुरुवारी पिद्योंगला तिकोयनंही फोन केला होता, हे तेम्योंगला आत्ता कळलं.

"हे माझे पप्पा," जेस्रील म्हणाला. "एउतिकियो ओमांदाक."

मिसेस ओमांदाक तोवर आत शिरल्या होत्या. टेबलावरचं डोकं बघून त्यांनी छातीवर हात ठेवला. "बाई, पोचलं म्हणायचं पुढचं! हे रात्रीपासून सांगत होते मला, की पुढचा भाग आधीच तिकडे पाठवलाय म्हणून. मला काही खरं वाटेना."

"आणि हा मला सांगत होता, मागचं उद्या येतंय," नेसिंग म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

दोघींनी मिळून मागचा भाग उचलून टेबलावर ठेवला आणि हळूच पुढे सरकवला. मिस बुलाहान यांचा तिरका घाव तिरक्या घावाला जाऊन टेकला. कोंबडीवालीनं पुढे होऊन सांधा बोटानं चाचपून पाहिला. तेम्योंगच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं लपवलंही नाही.

मग रीतीप्रमाणे सगळे उभे राहिले आणि तिकोयनं घसा साफ केला. "आम्ही आमच्या जेस्रीलसाठी तुमची मुलगी मागायला आलो आहोत. पण शब्द तुमचा, नोंग. तुम्ही म्हणाल तसं."

"माझा कसला शब्द?" तेम्योंग म्हणाला. "तुम्ही एवढ्या लांबून आलात. तुम्ही म्हणाल तसं."

"मुलगी तुमची, नोंग."

"मुलगा तुमचा."

"आधी तुम्ही बोला."

"यजमानानं पाहुण्याच्या आधी बोलू नये."

रोवेलिननं जेस्रीलकडे पाहिलं. कुरकुरीत केलेली कातडी हळूहळू मऊ पडू लागली होती. बहिणी बसायच्या बेतात होत्या.

"स्टॉलिंग," नेसिंग म्हणाली.

ती टेबलाच्या टोकाला उभी होती, दोघांपासूनही तीन मीटरच्या आत. "एक दोन तीन चार पाच—"

तिच्या आकड्यांच्या मध्ये सेकंद राहोच, सुईसुद्धा गेली नसती. तिकोयनं तेम्योंगकडे पाहिलं. तेम्योंगनं बुटांकडे पाहिलं. आज त्यानं नाड्यांचे बूट घातले होते, पण वाकायची त्याची छाती झाली नाही.

"—सहा सात आठ—"

"दिली!" तेम्योंग ओरडला.

"घेतली!" तिकोय ओरडला.

नियमानं "फास्ट काउंट" म्हणायचा हक्क दोघांनाही होता. तो दोघांनीही बजावला नाही. नेसिंगनं सुरी उचलली, आणि डोक्याकडून कापायचं की शेपटीकडून, हे तिनं कुणालाच विचारलं नाही.